आधी उगम शोधा, मग बंदोबस्त करा : नकोशा पॉप-अपविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरच्या संगणकावर बँकेचे स्टेटमेंट काढायला बसावे आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उगवावी, ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला आहे’. ती बंद केली की दुसरी येते, दुसरी बंद केली की लॉटरीची किंवा कर्जाची तिसरी. मग कुणी नवा अँटीव्हायरस विकत घेतो, कुणी संगणक दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणतो आणि कुणी घाबरून चौकटीतला फोन नंबर फिरवतो. पहिल्या दोन उपायांत पैसे जातात. तिसऱ्यात बँकेचे खाते रिकामे होऊ शकते. बहुतेक वेळा या तिन्हींची गरजच नसते.

घरगुती संगणकावर नकोशी चौकट प्रामुख्याने चार ठिकाणांहून येते : ब्राउझरच्या नोटिफिकेशनमधून, उघडलेल्या वेबसाइटच्या पानातून, ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेन्शनमधून किंवा संगणकात बसलेल्या एखाद्या प्रोग्रॅममधून. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. उगम न शोधता केलेला उपाय वाया जातो आणि गैरसमज नेमके इथेच आडवे येतात.

गैरसमज : पॉप-अप येतात म्हणजे संगणकात व्हायरस शिरला.

वस्तुस्थिती : विंडोजवर खालच्या उजव्या कोपऱ्यात उगवणारी चौकट पुढच्या वेळी लगेच बंद करू नका, नीट वाचा. लाल ढाल, उद्गारचिन्हे, एखाद्या नामांकित अँटीव्हायरसचे बोधचिन्ह हे सगळे मोठ्या आकारात असते. पण त्याच चौकटीत बारीक अक्षरांत ‘गूगल क्रोम’ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट एज’ असे ब्राउझरचे नाव आणि शेजारी कुठल्या तरी अनोळखी वेबसाइटचा पत्ता दिसेल. तो दिसला की ओळखावे, हा व्हायरस नाही. ते त्या वेबसाइटचे नोटिफिकेशन आहे आणि त्याची परवानगी याच संगणकावर कुणीतरी कधीतरी दिलेली आहे.

ही सोय चांगल्या हेतूने आली. २०१५ मध्ये क्रोमने वेबसाइटना थेट नोटिफिकेशन पाठवण्याची मुभा दिली, पुढच्या वर्षी फायरफॉक्सनेही दिली. वेबसाइट उघडी नसतानाही बातमी किंवा नवा ईमेल कळावा, हा उद्देश होता. जाहिरातबाजांनी तिचा ताबा घेतला. फुकट सिनेमा, क्रिकेटचे थेट प्रक्षेपण किंवा एखादी पीडीएफ शोधताना पान उघडते आणि त्यावर लिहिलेले असते, ‘तुम्ही रोबॉट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’. रोबॉट ओळखण्याची खरी चाचणी पानाच्या आतच होते. तिला ब्राउझरच्या परवानगीची गरज नसते. अलाउ दाबले की परवानगी मिळते आणि मग ती साइट बंद असली तरी चौकटी येत राहतात.

उपाय दोन मिनिटांचा आहे. क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा, सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, तिथे ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडा. परवानगी दिलेल्या साइटची यादी समोर येईल. अनोळखी नावापुढचे तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’ निवडा. एजमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नोटिफिकेशन’ असे टाइप केले की हीच जागा सापडते. फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली परवानग्यांचा विभाग आहे. कुठल्याच साइटला यापुढे परवानगी मागता येऊ नये, अशी सोयही या ब्राउझरमध्ये आहे. घरच्या संगणकावर तीच निवडून टाकावी. त्याने फारसे काही अडत नाही.

गैरसमज : ब्राउझरमधला पॉप-अप ब्लॉकर चालू आहे, म्हणजे सगळे अडायला हवे.

वस्तुस्थिती : ब्लॉकर जुन्या शत्रूसाठी बनवलेला आहे. १९९०च्या दशकात ईथन झुकरमन हे ट्रायपॉड या वेबसाइटवर काम करत होते. एका मोटार कंपनीची जाहिरात नको त्या मजकुराच्या पानावर झळकली आणि कंपनी नाराज झाली. पान आणि जाहिरात वेगळी दिसावी म्हणून झुकरमन यांनी जाहिरात स्वतंत्र खिडकीत उघडण्याचा कोड लिहिला. २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मधील लेखात त्यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. पण मधल्या काळात अशा खिडक्यांनी लोकांना इतके बेजार केले की २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने इंटरनेट एक्सप्लोररला ब्लॉकर दिला आणि त्याच वर्षी आलेल्या फायरफॉक्सच्या पहिल्या आवृत्तीतही तो होता.

हा ब्लॉकर मुख्यतः एकच काम करतो : तुम्ही काहीही न दाबता साइटने आपणहून नवी खिडकी उघडली तर ती अडवतो. तुम्ही क्लिक केल्यावर उघडलेली खिडकी तो सहसा जाऊ देतो, कारण ती तुम्हाला हवी असावी असे तो धरून चालतो. म्हणूनच फुकट सिनेमाच्या साइटवर ‘प्ले’चे बटण दाबले की सिनेमाऐवजी जुगाराची जाहिरात उघडते. तुमच्या क्लिकचाच तिथे वापर होतो. पानावर आडवी येऊन मजकूर झाकणारी चौकट तर स्वतंत्र खिडकीच नसते, ती पानाचाच भाग असते. आणि नोटिफिकेशनचा कारभार पूर्ण वेगळा आहे. तेव्हा ब्लॉकर चालू ठेवाच, पण त्याच्याकडून न होणाऱ्या कामाची अपेक्षा धरू नका.

उलट, कधी हवी असलेली खिडकीही तो अडवतो. पावती किंवा स्टेटमेंट उघडत नसेल तर पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला पॉप-अप अडवल्याची खूण दिसते का पाहा. तेवढ्या एका विश्वासू साइटला तिथूनच परवानगी द्या. ब्लॉकर सरसकट बंद करू नका.

गैरसमज : चांगला अँटीव्हायरस विकत घेतला की हे थांबेल.

वस्तुस्थिती : घराची किल्ली आपणच एखाद्याच्या हातात ठेवली असेल, तर पहारेकरी त्याला चोर म्हणून अडवणार नाही. नोटिफिकेशनचे तसेच आहे. परवानगी रीतसर दिलेली असल्याने अँटीव्हायरसला त्यात सहसा काही गैर दिसत नाही. पैसे भरून आणलेला अँटीव्हायरस ‘सर्व ठीक’ असे सांगतो आणि चौकटी येतच राहतात.

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून आहे, फुकट आहे आणि घरगुती वापराला पुरेसा आहे. त्यातली एक सोय मात्र तपासून घ्या. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘अॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये जा. तिथे नकोशा अॅपना अडवण्याची सोय आहे, ती चालू करा. जाहिराती दाखवणारे बरेचसे प्रोग्रॅम व्हायरसच्या व्याख्येत बसत नाहीत, ते या चाळणीत सापडतात. एकाच वेळी दोन अँटीव्हायरस चालवू नका. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो.

गैरसमज : पडदा लॉक झाला आणि मायक्रोसॉफ्टचा नंबर आला, म्हणजे फोन करायलाच हवा.

वस्तुस्थिती : मायक्रोसॉफ्टने स्वतः स्पष्ट केले आहे की त्यांच्या त्रुटीच्या किंवा इशाऱ्याच्या संदेशात कधीही फोन नंबर नसतो. पडद्यावर नंबर दिसला की तो संदेश खोटा, इथे विचार करण्यासारखे काही उरत नाही.

पडदा ‘लॉक’ झालेलाही नसतो. एका वेबपानाने पूर्ण पडदा व्यापलेला असतो, भोंगा वाजत असतो आणि ‘संगणक बंद केल्यास माहिती नष्ट होईल’ अशी धमकी असते. भारतात याच युक्तीने सरकारी मंत्रालयाच्या नावाची पाने फिरली आहेत. ‘बंदी असलेला मजकूर पाहिल्याबद्दल तुमचा ब्राउझर लॉक केला आहे, कार्डाने दंड भरा’, असे त्यावर लिहिलेले असते. सरकार ब्राउझरमध्ये पान उघडून दंड वसूल करत नाही.

अशा वेळी एस्केपचे बटण काही क्षण दाबून धरा, पूर्ण पडद्याचा वेढा सुटतो. नाही सुटला तर ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबा. तरीही अडले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, यादीत ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. काहीच चालले नाही तर पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करा. जतन न केलेले काम तेवढे जाईल, बाकी काही बिघडणार नाही. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझरने ‘आधीची पाने पुन्हा उघडू का?’ असे विचारले तर नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत उघडेल.

फोन केला तर काय होते, तेही माहीत असावे. पलीकडचा माणूस मदतीच्या नावाखाली एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखे सॉफ्टवेअर टाकायला सांगतो. ही सॉफ्टवेअर खरी आणि उपयोगाची आहेत, पण त्यांच्या साहाय्याने तुमच्या संगणकाचा ताबा त्याच्या हाती जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत छापे घातले. त्यातल्या मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनच्या तक्रारींवरून झालेल्या कारवाईत, तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशातील ग्राहकांना लुबाडणारी इथलीच कॉल सेंटर निशाण्यावर होती. तेव्हा गोड, अदबीने बोलणाऱ्या आवाजावर विश्वास ठेवू नका.

तुमच्या घरात असे घडून गेले असेल तर आधी इंटरनेट तोडा. बँकेला कळवून व्यवहार थांबवा आणि ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पासवर्ड दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून बदला. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

गैरसमज : स्कॅनमध्ये शेकडो चुका दाखवल्या, म्हणजे त्या असणारच.

वस्तुस्थिती : कुठलेही वेबपान उघडल्या उघडल्या तुमच्या संगणकातल्या सगळ्या फायली तपासू शकत नाही, ब्राउझर त्याला तसे करूच देत नाही. पानावर सरकणारी टक्केवारी आणि वाढत जाणारा आकडा हे निव्वळ चलच्चित्र असते. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांवर केलेल्या कारवाईत कंपन्यांनी २ कोटी ६० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. संगणकात व्हायरस असल्याचे भासवणारे, मायक्रोसॉफ्टच्या नावाचे खोटे पॉप-अप दाखवून दुरुस्ती विकली, असा आयोगाचा आरोप होता. या धंद्यात भीती हाच माल असतो. म्हणून चौकटीतले ‘रिमूव्ह’ किंवा ‘स्कॅन नाऊ’ कधीही दाबू नका.

गैरसमज : असले प्रकार वाईट साइट पाहणाऱ्यांच्याच संगणकावर होतात.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत घातक आहे, कारण त्यापायी माणसे लाजेने गप्प बसतात. आजोबांनी पंचांग शोधले, मुलीने प्रोजेक्टसाठी चित्रे उतरवली, कुणी मराठी फॉन्ट किंवा फुकटचे पीडीएफ बदलून देणारे सॉफ्टवेअर घेतले, तरी हे घडू शकते. अशा फुकट सॉफ्टवेअरबरोबर दुसरा एखादा प्रोग्रॅम किंवा एक्स्टेन्शन गुपचूप येते. इन्स्टॉल करताना त्याच्या चौकोनात खूण आधीच केलेली असते आणि आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे जातो. म्हणून सॉफ्टवेअर मूळ कंपनीच्याच साइटवरून घ्या, ‘कस्टम’ पर्याय निवडा आणि नको त्या खुणा काढा.

शंका असेल तर ब्राउझरमधली एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि जे ओळखीचे नाही ते काढून टाका. एक सोपी चाचणी आहे. क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकीत एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे त्याच साइटवर जाहिराती थांबल्या, तर संशय एक्स्टेन्शनवर घ्या. त्यानंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अॅप्स’ची यादी इन्स्टॉल झाल्याच्या तारखेनुसार लावा. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेला अनोळखी प्रोग्रॅम तिथे सापडतो.

गैरसमज : फॉरमॅट हाच कायमचा इलाज.

वस्तुस्थिती : फॉरमॅटमध्ये दुसरीकडे प्रत न ठेवलेले फोटो आणि कागदपत्रे जातात, आणि इलाज कायमचा असेलच असेही नाही. पुन्हा त्याच खात्याने क्रोममध्ये साइन-इन केले की सिंकमधून जुनी एक्स्टेन्शन परत येतात आणि त्रासही परत येतो. फॉरमॅट करण्याआधी ब्राउझरच्या सेटिंग्जमधले ‘रीसेट’ वापरून पाहा. क्रोममध्ये त्याने एक्स्टेन्शन बंद होतात आणि साइटना दिलेल्या परवानग्या पुसल्या जातात. बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड मात्र शाबूत राहतात. तरीही त्रास राहिला तर सायबर स्वच्छता केंद्र हे भारत सरकारचे केंद्र घातक प्रोग्रॅम काढण्याची साधने विनामूल्य देते. एवढे करूनही सुटले नाही, तरच फॉरमॅटचा विचार करा, तोही सगळ्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवून.

थोडक्यात क्रम असा : चौकट वाचा, नोटिफिकेशनची यादी साफ करा, एक्स्टेन्शन तपासा, अनोळखी प्रोग्रॅम काढा, मग डिफेंडरने पूर्ण स्कॅन करा आणि गरज पडलीच तर ब्राउझर रीसेट करा. यात एक रुपयाही खर्च होत नाही.

घरात संगणक जाणणारे तुम्ही एकटे असाल तर हे काम परस्पर उरकून मोकळे होऊ नका. आई-वडिलांना किंवा शेजारच्या काकूंना शेजारी बसवून नोटिफिकेशनची यादी त्यांच्याच हातून साफ करून घ्या. पडद्यावरचा फोन नंबर कधीही फिरवायचा नाही आणि काही चुकले तर लपवायचे नाही, या दोन गोष्टी त्यांना समजावून सांगा. फसवणारे भीती आणि एकटेपणा यांवर जगतात. घरात मोकळेपणाने विचारता येत असेल, तर त्यांचा धंदा तिथेच बसतो.