जुन्या फियाटला रंग देताना

काळे अंग आणि पिवळे टप असलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाटला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले ते १९७४ मध्ये. टॅक्सी गेल्या, तरी घरगुती फियाट अजून कुठे शेडमध्ये, कुठे झाडाखाली उभ्या आहेत. त्या दुरुस्त करून नव्याने रंगवण्याची हौस आता वाढते आहे. हौस मालकाची असते, पण श्रम पेंटरचे असतात. नवेगाव बांध, अर्जुनी मोरगावकडची आपली मुलेही गोंदिया-नागपूरच्या गॅरेजात डेंटिंग-पेंटिंगला जातात. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे.

रंग कोणता द्यावा? आधी गाडीलाच विचारा. सीटखाली, डिकीतल्या गालिच्याखाली, दाराच्या रबराआड मूळ रंग सापडतो. तोच द्यावा. तो मनाला पटला नाही, तर त्या काळातला साधा रंग घ्यावा. चमचमता मेटॅलिक जुन्या गाडीला शोभत नाही. गडद रंगात पत्र्याची प्रत्येक लहर दिसते आणि आपल्या विदर्भाच्या उन्हात गाडी भट्टीसारखी तापते. पांढरा, क्रीम, फिकट राखाडी रंग सोयीचे. दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नका. पत्र्याच्या तुकड्यावर मारून भर दुपारी व संध्याकाळी पाहा. निळा रंग आपल्या मनाजवळचा खरा. पण गाडी मुळात क्रीम असेल तर ती क्रीमच ठेवा आणि १४ एप्रिलला बॉनेटवर निळा झेंडा लावा.

कायद्यानेही काही बंधने आहेत. लष्करी हिरवा रंग खाजगी गाडीला चालत नाही. आर.सी. बुकात रंगाची नोंद असते. रंग बदलल्यास आर.टी.ओ.त नोंद करून घ्यावी. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र अशी गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. तेव्हा लग्नाच्या भाड्याचा हिशेब मनात धरून कर्ज काढू नका.

रंगाचे खरे काम रंगाखाली असते. गंज पुरता काढला नाही तर वरची चकाकी वर्ष-दोन वर्षांत फुगून येते. लांबीचा जाड थर देऊन खड्डा लपवू नये. पत्रा ठोकून सरळ करावा. पावसाळ्यातील दमट हवेत रंग धुरकट होतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम.

आता सर्वात महत्त्वाचे. जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासला की धूळ छातीत जाते. पाणी लावून घासावे आणि हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. हार्डनर मिसळायच्या नव्या रंगात आयसोसायनेट असते. १९८४ साली भोपाळमध्ये गळलेला वायू हा नव्हे, पण रासायनिक कूळ तेच. त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. गन चालवताना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच हवा.

म्हणून मालकांनी रंगाचा भाव ठरवताना मुखवट्याचा खर्चही धरावा. आणि मायबापहो, मुलगा कामाला लागला की पगार विचारता, तसे एवढेही विचारा : ‘बाळा, गन हातात घेताना तोंडाला काय लावतोस?’