मातेउस द कास्त्रो : एका देशी बिशपाची कैफियत

कामगार संघटनेच्या माणसाने ख्रिस्ती धर्मगुरूच्या चरित्रावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे शिकलो ते वाचनालयात आणि जिन-प्रेसच्या फाटकावर. धर्मशास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु या पुरुषाच्या आयुष्यात जो प्रश्न उभा राहिला, तो आमच्या रोजच्या परिचयाचा आहे. माणूस काम शिकला, परीक्षेला उतरला, मुख्य कचेरीतून नेमणुकीचा हुकूमही घेऊन आला. तरी जागेवरचा साहेब त्याला रुजू करून घेत नसेल, तर त्याने काय करावे?

मातेउस द कास्त्रो यांचा जन्म १५९४ च्या सुमारास गोव्यात, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर, बाटलेल्या ब्राह्मण कुटुंबात झाला. आपल्या सिंदखेडराजाला जिजाबाई जन्मल्या त्या १५९८ साली. म्हणजे दोघेही एकाच पिढीचे. बार्देशातल्या रेइश मागुश येथील फ्रान्सिस्कन साधूंच्या विद्यालयात कास्त्रो शिकले. शिक्षण पुरे झाल्यावर पाद्री होण्याची इच्छा त्यांनी सांगितली, तेव्हा गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा देण्याचे नाकारले. विद्येत उणेपणा होता असे नव्हे. उमेदवार देशी होता, एवढेच कारण.

आर्चबिशपांच्या हाती एवढी सत्ता कशी, हे कळण्यासाठी त्या वेळची व्यवस्था पाहिली पाहिजे. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे आश्रयदातृत्व दिले होते. त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. राजाने चर्चे बांधावीत, पाद्री पाठवावेत, खर्च सोसावा. आणि त्याच्या बदल्यात बिशपांच्या जागी कोण बसावे हे राजानेच सुचवावे, असा तो व्यवहार होता. ज्याच्या हाती पगाराची थैली, त्याच्याच हाती नेमणूक! अशा ठिकाणी गोऱ्या पाद्र्यांनी देशी माणसाला वर चढू दिले नाही, यात आश्चर्य ते काय? पुढे रोमलाच या मक्तेदारीचा जाच होऊ लागला, आणि १६२२ साली पोपने धर्मप्रसाराचे काम आपल्या हाती घेण्यासाठी ‘प्रोपागांदा फिदे’ नावाचे स्वतंत्र मंडळ स्थापिले.

कास्त्रो यांनी नेमके हेच दार ठोठावले. खुष्कीच्या मार्गाने मजल दरमजल करीत ते १६२५ साली रोमला पोहोचले. तेथे त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला आणि १६३० च्या सुमारास दीक्षा घेतली. रोमचे कागद घेऊन ते गोव्यात परतले, तर तेथील अधिकाऱ्यांनी ते कागद लबाडीने मिळविलेले ठरवून बाजूला सारले. कास्त्रो पुन्हा रोमला गेले. या खेपेस, १६३७ साली, रोमने त्यांना बिशपच केले. लॅटिन पंथाचे ते पहिले भारतीय बिशप होत.

त्यांना कार्यक्षेत्र मिळाले ते आदिलशाहीचे. येथे एक सूक्ष्म युक्ती होती. पोर्तुगीजांच्या हद्दीत बिशप नेमला तर राजाशी तंटा. म्हणून त्यांना क्रिसोपोलिस या दूरच्या, केवळ नावापुरत्या पीठाचे बिशपपद दिले, आणि पोपचा थेट प्रतिनिधी म्हणून विजापूरच्या मुलखात पाठविले. आदल्याच वर्षी, १६३६ साली, शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले होते. म्हणजे जिजाबाईंचे यजमान ज्या दरबारी सरदार, त्याच राज्यात हा देशी बिशप! डिचोली, बांदे, वेंगुर्ले या भागात कास्त्रो यांनी चर्चे उभारली आणि देशी तरुणांना दीक्षा दिली. त्या दीक्षाही गोव्याने मानल्या नाहीत. आफोंसो मेंदेस या बड्या धर्माधिकाऱ्याने तर त्यांच्या कातडीच्या रंगावरून त्यांना हिणवले.

१६५३ साली कास्त्रो यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ या अर्थाच्या नावाचे एक पत्रक लिहिले. गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना आपल्या अवस्थेची जाणीव करून देणे हा त्याचा हेतू. पुढच्याच वर्षी विजापूरचे सैन्य बार्देशावर चालून आले आणि पोर्तुगीजांनी कास्त्रो यांच्यावर फितुरीचा आरोप ठेवला. १६५८ साली रोमने त्यांना परत बोलाविले. आयुष्याची अखेरची वर्षे तेथेच घालवून १६७७ मध्ये ते वारले.

त्यांच्या मागे काय उरले? आदिलशाही मुलखाचा अधिकार पुढे गोव्याच्याच कुस्तोदियो द पिन्यो यांच्याकडे आला. १६८५ साली गोव्यातल्या देशी पाद्र्यांनी आपला स्वतंत्र संघ काढला. श्रीलंकेत काम करणारे जोसेफ वाझ त्यातलेच. १७६१ साली पोर्तुगालच्या सरकारने देशी ख्रिस्ती प्रजेला समान हक्क देणारा हुकूम काढला. गोव्यात त्याचा अंमल व्हायला १७७४ साल उजाडले! कायदा होणे वेगळे आणि पदरात पडणे वेगळे, हे आम्ही कामगारांना नेहमी सांगतो. आणि अंमल झाल्यावरही बढत्या अडल्याच. १७८७ सालच्या ‘पिंतोंच्या कटा’त देशी पाद्री पुढे होते, त्याचे मूळ याच गाऱ्हाण्यात होते.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण नुसते गौरवाचे बोलणे हा श्रोत्यांचा अपमान आहे. कास्त्रो यांच्या आरशात फक्त ब्राह्मणांनी पाहायचे होते. गावातला गावडा, कोळी, शेतमजूर हेही ख्रिस्तीच होते. त्यांच्या तोंडासमोर तो आरसा कोणी धरला नाही. १६८५ चा तो संघही ब्राह्मणांचाच राहिला, आणि चारडो समाजाच्या पाद्र्यांना आपली वेगळी चूल मांडावी लागली. आमच्या धंद्यातही हे दिसते. कायम कामगार बदली कामगाराला, आणि बदली कामगार हमालाला आपल्या मागणीत घेत नाही. मग मालकाला फार काही करावेच लागत नाही.

म्हणून आम्ही कास्त्रो यांना लहान मानत नाही. ज्या काळी दाद मागायला दुसरी जागा नव्हती, त्या काळी हा माणूस आपली कैफियत घेऊन पायी, घोड्यावर, गलबतावर अर्धी पृथ्वी ओलांडून गेला, तीही दोनदा. त्याने वरच्याशी बरोबरी मागितली, ती रास्तच होती. खालच्याला बरोबरी देण्याचे काम मात्र राहून गेले. १९५३ साली मुंबईचे आर्चबिशप व्हॅलेरियन ग्रेशस हे भारताचे पहिले कार्डिनल झाले. आणि २७ ऑगस्ट २०२२ रोजी एकाच समारंभात दोन भारतीयांना तो मान मिळाला : एक गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव, दुसरे हैदराबादचे अँथनी पूला, पहिले दलित कार्डिनल. कास्त्रो यांच्या अभिषेकापासून या दिवसापर्यंत ३८५ वर्षे गेली. पहिली मागणी करतानाच सर्वांना बरोबर घेतले असते तर ती किती कमी झाली असती, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या संस्थेत बसून करावा.