पायथनने १९ जुनी मॉड्यूल्स का काढली? काल चालणारा कोड आज बंद का पडतो?

२०२४ ची दिवाळी तोंडावर आली होती. पिंप्राळ्यात मावशीच्या घरी माळ्यावरचे डबे खाली उतरत होते आणि माझा मावसभाऊ लॅपटॉपसमोर डोकं धरून बसला होता. डिप्लोमाचा प्रोजेक्ट दोन दिवसांत दाखवायचा होता. कोड एका जुन्या व्हिडिओवरून शिकून लिहिलेला. लॅबमधल्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालायचा. घरच्या नव्या लॅपटॉपवर मात्र पहिल्याच ओळीला एरर: 'सीजीआय' नावाचं मॉड्यूल सापडत नाही.

"ताई, मी एक अक्षरही बदललेलं नाही गं," तो फोनवर म्हणाला.

ते खरंच होतं. कोड तोच होता, पायथन बदललं होतं.

नेमकं झालं काय?

७ ऑक्टोबर २०२४ ला पायथनचं ३.१३ हे व्हर्जन आलं. त्यात १९ जुनी मॉड्यूल्स एकदम काढून टाकण्यात आली. भावाने नव्या लॅपटॉपवर सगळ्यात ताजं पायथन टाकलं होतं, त्यामुळे त्याला 'सीजीआय' मिळालंच नाही. लॅबमध्ये जुनं व्हर्जन होतं, म्हणून तिथे कोड चालत होता.

स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे काय?

पायथन इन्स्टॉल केलं की भाषेसोबत तयार कोडचा मोठा संच फुकट मिळतो. तारीख काढायची, फाइल झिप करायची, ईमेल पाठवायचा, तर त्यासाठी लागणारा कोड आधीच लिहिलेला असतो. हीच स्टँडर्ड लायब्ररी. पायथनवाले याला 'बॅटरीज इन्क्लुडेड' म्हणतात. म्हणजे खेळण्याच्या खोक्यातच सेल आहेत, वेगळे आणायची गरज नाही.

अडचण अशी की पायथन पहिल्यांदा आलं १९९१ मध्ये. तेव्हापासून खोक्यात सेल भरतच गेले. त्यातले काही ज्या खेळण्यांसाठी होते, ती खेळणीच आता बाजारात नाहीत.

काढलेल्या १९ मध्ये काय काय होतं बघा. 'सुनाऊ' हे सन मायक्रोसिस्टिम्सच्या जुन्या ऑडिओ फाइल वाचायचं. 'एनएनटीपीलिब' यूझनेटसाठी होतं, म्हणजे सोशल मीडियाच्या कितीतरी आधीचे चर्चेचे कट्टे. 'यूयू' हे ईमेलमधून फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीसाठी. आणि 'सीजीआय' वेबसाइटवर भरलेल्या फॉर्मची माहिती घ्यायचं. त्या पद्धतीत प्रत्येक वेळी नवा प्रोग्राम सुरू करावा लागायचा, म्हणून मोठ्या वेबसाइट्सनी ती केव्हाच सोडली.

पडून राहिलं असतं तर बिघडलं काय असतं?

माळ्यावरचा जुना पंखा खायला मागत नाही. लायब्ररीतला जुना कोड मात्र मागतो. पायथनचं नवं व्हर्जन काढताना प्रत्येक मॉड्यूल तपासावं लागतं. कुणी चूक कळवली की ती दुरुस्त करावी लागते. हे काम करणाऱ्यांमध्ये बरेच जण स्वयंसेवक आहेत, आपली नोकरी सांभाळून वेळ देणारे. ज्या मॉड्यूलची खडानखडा माहिती असलेलं कुणी उरलेलं नाही, ते दुरुस्त कोण करणार?

दुसरा मुद्दा सुरक्षेचा. 'टेलनेटलिब' ज्या टेलनेट पद्धतीवर चालायचं, तिच्यात पासवर्ड नेटवर्कवरून उघडाच जातो. 'क्रिप्ट' पासवर्ड जपायच्या जुन्या पद्धती वापरायचं. अशा गोष्टी अधिकृत खोक्यात असल्या की शिकणाऱ्याला वाटतं, पायथननेच दिलंय म्हणजे चांगलंच असणार.

हे एका रात्रीत ठरलं का?

नाही. ख्रिश्चन हाइम्स आणि ब्रेट कॅनन या पायथनच्या डेव्हलपर्सनी यावर प्रस्ताव लिहिला, त्याचा क्रमांक ५९४. तो मांडला गेला मे २०१९ मध्ये आणि मंजूर झाला मार्च २०२२ मध्ये, म्हणजे जवळपास तीन वर्षांनी. ऑक्टोबर २०२२ च्या ३.११ व्हर्जनपासून ही मॉड्यूल्स वापरली की 'हे पुढे काढलं जाणार आहे' असा इशारा येऊ लागला. त्यानंतर आणखी दोन वर्षांनी ती गेली.

सगळंच काढलं असंही नाही. 'वेव्ह' हे ऑडिओचं मॉड्यूल ठेवलं. कारण डब्ल्यूएव्ही फाइल आजही वापरात आहेत आणि मुलांना कॉम्प्युटरमधून आवाज काढायला शिकवताना ते उपयोगी पडतं. प्रस्तावात ही दोन्ही कारणं दिलेली आहेत.

मग इतका इशारा देऊनही लोक अडकले कसे?

कारण तो इशारा सगळ्यांना दिसत नाही. तुम्ही स्वतः लिहिलेल्या मुख्य फाइलमध्ये जुनं मॉड्यूल असेल, तर इशारा दिसतो. पण तुम्ही दुसऱ्याचं पॅकेज वापरताय आणि ते पॅकेज आतून जुनं मॉड्यूल वापरतंय, तर पायथन तो इशारा एरवी दाखवत नाही. शिवाय माझ्या भावासारखे लोक ३.११ आणि ३.१२ वापरतच नाहीत. ते जुन्या व्हर्जनवरून थेट नव्यावर उडी मारतात. त्यांच्यासाठी पहिली सूचना म्हणजेच एरर.

डिस्कॉर्डसाठी बॉट बनवणाऱ्यांनाही हा फटका बसला. 'डिस्कॉर्ड डॉट पाय' ही लोकप्रिय लायब्ररी आवाजासाठी 'ऑडिओऑप' वापरायची आणि तेही या १९ मध्ये होतं. अनेकांनी त्या मॉड्यूलचं नावही ऐकलेलं नव्हतं.

साफसफाई गरजेची होती, हे मला पटतं. पण तिची किंमत बहुतेकदा तोच भरतो, ज्याच्यापर्यंत चर्चा पोचलेली नसते.

तुमचाही कोड असा अडला तर काय कराल?

१. एररमधलं मॉड्यूलचं नाव वाचा आणि आपलं पायथन कोणतं व्हर्जन आहे ते बघा. निम्मं कोडं इथेच सुटतं.

२. घाई असेल तर ३.१२ इन्स्टॉल करा. दोन व्हर्जन्स एकाच लॅपटॉपवर राहू शकतात. ३.१२ ला सुरक्षा अपडेट्स ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत.

३. वेळ असेल तर पर्याय वापरा. 'सीजीआय'ऐवजी फ्लास्क किंवा जँगो, 'क्रिप्ट'ऐवजी 'बीक्रिप्ट'. जुना कोड तसाच चालवायचा असेल तर 'लेगसी-सीजीआय' आणि 'ऑडिओऑप-एलटीएस' ही वेगळी पॅकेजेस आहेत.

४. एररमध्ये दिसलेलं नाव तसंच टाकून पॅकेज इन्स्टॉल करू नका. पायथनच्या सार्वजनिक भांडारात पाच लाखांहून जास्त पॅकेजेस आहेत आणि तिथे कुणीही पॅकेज टाकू शकतो. मिळत्याजुळत्या नावाने घातक कोड टाकण्याचे प्रकार घडलेले आहेत. आधी ते कुणाचं आहे ते तपासा.

५. जुन्या व्हिडिओवरून शिकताना त्याची तारीख आणि त्यातलं पायथनचं व्हर्जन आधी बघा.

पायथनचं नवं व्हर्जन आता दरवर्षी ऑक्टोबरमध्ये येतं, म्हणजे आपल्याकडे घरोघरी दिवाळीची आवराआवर चालू असते त्याच सुमारास. घरात काही टाकून देण्याआधी आई एकदा तरी विचारते, "हे कुणाला लागतंय का रे?" पायथननेही विचारलं होतं. फक्त ती हाक पिंप्राळ्यापर्यंत पोचली नव्हती.

भावाने त्या रात्री ३.१२ टाकलं आणि प्रोजेक्ट वेळेत दाखवला. सुट्टीत तोच प्रोजेक्ट त्याने फ्लास्कमध्ये पुन्हा लिहिला. आता कोणताही कोड उतरवून घेण्याआधी तो व्हिडिओची तारीख बघतो.