विमानाचं जैवइंधन आणि राज्यांची करसवलत: सवलत द्यायची कोणाला?

आजचा विषय अमेरिकेतला आहे, पण त्याचा हिशोब लवकरच आपल्याकडेही मांडावा लागणार आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात 2027 पासून 1 टक्का, 2028 मध्ये 2 टक्के आणि 2030 मध्ये 5 टक्के शाश्वत इंधन मिसळायचं, असं उद्दिष्ट भारतानं ठेवलं आहे. हे इंधन साध्या विमान इंधनापेक्षा दुप्पट ते पाचपट महाग पडतं. मधला फरक कोणी भरायचा, हा खरा प्रश्न.

आधी इंधनाबद्दल थोडं. वापरलेलं खाद्यतेल, जनावरांची चरबी, सोयाबीनचं तेल किंवा इथेनॉल यांपासून असं द्रव इंधन बनवतात, जे विमानाच्या इंजिनात काहीही बदल न करता चालतं. सध्याच्या मानकांनुसार ते साध्या इंधनात जास्तीत जास्त निम्मं मिसळता येतं. टाकीत साधं इंधन आणि हे यांत फरक दिसत नाही. फरक असतो तो शेतापासून किंवा कढईपासून विमानापर्यंतच्या एकूण कार्बनच्या हिशोबात. आणि तो हिशोब कागदावर होतो, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचंच राजकारण आहे.

युरोपनं काठी उचलली: 2025 पासून 2 टक्के मिसळा, 2030 ला 6 टक्के. अमेरिकेनं गाजर दाखवलं. 2022 च्या कायद्यानं केंद्रानं गॅलनमागे सव्वा डॉलर सवलत दिली. अट अशी, की कार्बन निदान 50 टक्के कमी झाला पाहिजे. त्यापुढच्या प्रत्येक टक्क्याला एक सेंट जास्त, पावणेदोन डॉलरपर्यंत. पण काही राज्यांना हे पुरेसं वाटलं नाही. कारण सोपं आहे. वापरलेल्या तेलापासून डिझेलही बनतं, आणि कॅलिफोर्नियाच्या बाजारात त्या डिझेलला चांगला भाव मिळतो. कारखानदार दोन्हींचा हिशोब करतो आणि जिथे दोन पैसे जास्त सुटतात तिकडे वळतो. त्याला विमानाकडे वळवायचं, तर वर आणखी काहीतरी ठेवावं लागतं.

इथे राज्याराज्यांची अक्कल वेगवेगळी चालली. मला हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो.

इलिनॉय राज्यानं सवलत विकत घेणाऱ्याला दिली. विमान कंपनीनं हे इंधन राज्यात घेतलं, की गॅलनमागे दीड डॉलर तिच्या राज्याच्या इंधनावरील विक्रीकरातून वजा. शिकागोचा ओहेअर विमानतळ तिथलाच, युनायटेडचं मुख्यालयही तिथलंच. इंधन कुठे बनलं याची सुरुवातीला चिंता नाही, ते इथे भरलं जावं एवढंच. मात्र कायद्यात पुढची मेख आहे: 2028 च्या जूनपासून कच्चा माल देशातलाच हवा. म्हणजे आधी बाजार उभा करा, मग मक्या-सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला त्यात जागा द्या.

मिनेसोटानंही दीड डॉलरच ठेवला, पण तो बनवणाऱ्याला किंवा मिसळणाऱ्याला. काम राज्यात झालं पाहिजे आणि इंधन राज्यातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या विमानात गेलं पाहिजे. तिथे वर्षाला एकूण किती सवलत वाटायची याला मर्यादा आहे; तिजोरीचा विचार त्यांनी आधीच केला. नेब्रास्कानं 75 सेंटपासून सुरुवात करून सव्वा डॉलरपर्यंत चढती भाजणी ठेवली.

वॉशिंग्टन राज्याची युक्ती तर एखाद्या चाणाक्ष सासूसारखी आहे. 2023 च्या कायद्यात गॅलनमागे एक ते दोन डॉलरची सवलत आहे, पण राज्यात वर्षाला निदान 2 कोटी गॅलन क्षमतेचा कारखाना किंवा कारखाने चालू होईपर्यंत ती लागूच होत नाही. आधी संसार मांडून दाखवा, मग दागिने.

आता हिशोब करू. समजा, कार्बन 60 टक्के कमी करणारं इंधन 2024 मध्ये शिकागोत भरलं. केंद्राचे 1.35 डॉलर, राज्याचे 1.50, मिळून 2.85 डॉलर प्रति गॅलन. एका गॅलनमध्ये 3.785 लिटर, म्हणजे लिटरमागे 75 सेंट. आपल्या पैशांत साठ रुपयांहून जास्त, आणि तेही करदात्याचे. एवढं करूनही 2024 मध्ये जगातल्या एकूण विमान इंधनात याचा वाटा होता जेमतेम 0.3 टक्के.

सवलतीचा दुसरा धोका म्हणजे ती काढून घेता येते. 2025 च्या अमेरिकी कायद्यानं केंद्राच्या सवलतीतला विमान इंधनाचा खास जादा दर 2026 पासून संपवला. कमाल दर एक डॉलरवर आला. त्याच कायद्यानं कार्बन मोजताना पिकासाठी इतरत्र होणारी जंगलतोड धरायची नाही असंही ठरवलं. म्हणजे मका तोच आणि शेत तेच असताना कागदावर मात्र तो जास्त हिरवा झाला. हे मला पटत नाही. मोजपट्टीच आखूड केली, तर सवलत नेमकी कशाची देतोय?

आपल्याकडे यातलं काय चालेल? विमानाचं इंधन अजून जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्यं व्हॅट लावतात. महाराष्ट्रानं 2023 च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा दर 25 वरून 18 टक्क्यांवर आणला. कारण विमानं जिथे स्वस्त तिथे टाकी भरतात, हे राज्यांना नीट ठाऊक आहे. मग इलिनॉयसारखं करता येईल असं वाटतं. पण गंमत पाहा: आपलं पहिलं उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय उड्डाणांचं आहे, आणि अशा उड्डाणांसाठी नेमलेल्या भारतीय विमान कंपन्यांनी घेतलेलं इंधन केंद्रीय विक्रीकर कायद्यानुसार निर्यातीत धरलं जातं. तिथे राज्याचा व्हॅट लागतच नाही. जो कर घेतच नाही, तो माफ कसा करणार? इंदूर असो वा हैदराबाद, राज्याच्या हातात मग उरतं ते मिनेसोटाचं किंवा वॉशिंग्टनचं वळण: कारखान्याला आणि कच्चा माल गोळा करणाऱ्याला मदत.

आणि कच्च्या मालाचं म्हणाल, तर पानिपतला इंडियन ऑइल वापरलेल्या खाद्यतेलाच्या मार्गानं जातंय; पुण्याच्या प्राज कंपनीच्या साथीनं बनलेलं देशी इंधन घालून 19 मे 2023 ला पुणे-दिल्ली विमान उडालंही. पण भजी-वडे तळलेलं तेल हॉटेलांतून, गाड्यांवरून गोळा करणं हे किचकट काम आहे. आज ते तेल पुन्हा कुणाच्या तरी कढईत जातं. माझ्या मते राज्यानं पहिला रुपया खर्च करायचा तो इथे, त्या तेलाला कढईपेक्षा चांगला भाव देण्यासाठी. ऊस आणि मक्याच्या इथेनॉलचा मार्ग मोठा आहे, पण त्यात पाणी आणि अन्नाचा प्रश्न येतो, तो पुढच्या भागात घेऊ.