आकडा कुणाचा, हे ठरवताना

लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे सॉफ्टवेअर बसवून ‘सेन्सर्स’ ही कमांड दिली की पडद्यावर तापमानांची आणि व्होल्टेजची रांग उमटते. काम संपलं असं तेव्हा वाटतं, पण मुख्य काम तिथून सुरू होतं. ‘इन1’, ‘टेम्प3’ अशा नावांनी आलेला आकडा नेमका कशाचा आहे, हे पटेपर्यंत त्याला मोजमाप म्हणता येत नाही. आधीच्या टप्प्यातही डोळे मिटून एंटर दाबत जाऊ नये. ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ हा त्यातला प्रोग्राम चिप शोधताना हार्डवेअरला थेट हात घालतो. जुन्या काही आयबीएम थिंकपॅडवर अशा शोधाने ईईप्रॉममधली माहिती बिघडून लॅपटॉप सुरूच न होण्याचे प्रकार घडले होते. म्हणून तो प्रत्येक पायरीवर परवानगी मागतो, आणि ते प्रश्न वाचायला हवेत.

व्होल्टेजचा घोळ सगळ्यात बोलका आहे. मदरबोर्डवरची सुपर आय/ओ चिप 12 व्होल्ट थेट मोजू शकत नाही. नुवोटॉन कंपनीच्या अशा अनेक चिपांची धाव जेमतेम दोन व्होल्टपर्यंत असते. त्यामुळे बोर्ड बनवणारा वाटेत दोन रेझिस्टर घालून व्होल्टेज विभागतो. 56 आणि 10 किलोओहमची जोडी असेल तर 12 व्होल्टच्या जागी चिपला 1.82 व्होल्ट दिसतात, आणि ड्रायव्हर तेवढेच कळवतो. त्याला 6.6 ने गुणायचं आहे, हे ना चिपला ठाऊक असतं ना कर्नलला. ते बोर्डाच्या आराखड्यात असतं. एलएम-सेन्सर्सच्या कॉन्फिगरेशन फाइलमधली ‘कॉम्प्यूट’ ओळ याच गुणाकारासाठी आहे. तीच चिप दुसऱ्या बोर्डावर वेगळ्या रेझिस्टरांसह बसलेली असू शकते, म्हणून दुसऱ्याची फाइल आयती उचलली तर पटण्याजोगा पण खोटा आकडा मिळतो, आणि तो उघड चुकीच्या आकड्यापेक्षा घातक. शिवाय चिपची 8 मिलिव्होल्टची पायरी गुणाकारानंतर सुमारे 53 मिलिव्होल्टची होते. एका पायरीच्या चढउताराने पॉवर सप्लायवर संशय घेणं व्यर्थ आहे.

तापमानही दिसतं तितकं सरळ नाही. इंटेल प्रोसेसरचा सेन्सर कमाल मर्यादेपासून आपण किती खाली आहोत एवढंच सांगतो. ‘कोअरटेम्प’ ड्रायव्हर वजाबाकी करून अंश दाखवतो. एएमडीच्या रायझन 1800एक्समध्ये ‘टीसीटीएल’ हा आकडा खऱ्या तापमानापेक्षा मुद्दाम 20 अंश वर ठेवलेला होता, वेगवेगळ्या मॉडेलांत पंख्याचं धोरण एकसारखं राहावं म्हणून. आणि ज्या पिनला काहीच जोडलेलं नाही, तीही 127 किंवा उणे अंश बेधडक सांगते. इथे एक साधी कसोटी कामाला येते: हवेने थंड होणारा कुठलाही भाग खोलीपेक्षा थंड असूच शकत नाही. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी एसी नसलेल्या खोलीत 25 अंश दाखवणारा सेन्सर सरळ बाद करावा.

प्रोसेसर तापला तर स्वतःच वेग कमी करतो, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप रास्त वाटतो. पण ते संरक्षण प्रोसेसरपुरतं आहे. हार्ड डिस्कला किंवा खचत चाललेल्या 12 व्होल्टच्या लाइनला त्याचा उपयोग नाही. बायोसच्या पडद्यावर हे सगळं दिसतंच, असंही म्हटलं जातं. दिसतं, आणि नावं जुळवायला तो पडदा उत्तम आधार आहे. मात्र तिथे यंत्रावर खऱ्या कामाचा भार नसतो. तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आकडा चुकीचा असला तरी कल तर कळतो ना? कळतो, आणि धूळ साचल्याने महिन्यागणिक वाढणारं तापमान ओळखायला तेवढं पुरतंही. पण धोक्याची सूचना लावायची तर सीमा लागते. एटीएक्स मानकाच्या जुन्या आवृत्त्यांनुसार 12 व्होल्टला पाच टक्के सूट, म्हणजे 11.40 ते 12.60. चुकीच्या गुणकावर ही सीमा लावली तर सूचना एकतर सतत वाजेल किंवा कधीच वाजणार नाही.

म्हणून मोकळ्या मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर मल्टिमीटर लावून आधी यंत्र निवांत असताना, मग पूर्ण भारावर आकडा ताडून घ्यावा. दोन्ही वेळा जुळला तरच कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्याचं ‘लेबल’ लिहून सीमा घालावी. न पटलेल्या ओळीसमोर तोवर ‘इग्नोर’ असलेलंच बरं.