सुनेला पीएच.डी. करायचीय : हिशेब पैशाचा आणि मनाचा



आपल्या ऊसकरी घरांतल्या कितीतरी लेकी-सुना आज नर्सिंगमध्ये आहेत. कोणी जी.एन.एम. करून सरकारी दवाखान्यात लागली, कोणी एम.एस्सी. होऊन नर्सिंग कॉलेजात शिकवते. त्यांतली एखादी चाळिशीत येऊन म्हणते, "मामंजी, मला पीएच.डी. करायचीय." घरात पहिला सवाल निघतो, "पगार किती वाढणार?"

खरे ते सांगावे. वॉर्डात काम करणारीचा पगार या पदवीने फारसा वाढत नाही. कॉलेजात शिकवणारीला बढतीच्या वेळी उपयोग होतो. पण वीस वर्षे रोग्याच्या उशाशी उभे राहून जे प्रश्न मनात साठले, त्यांचा छडा लावायचा, ही भूकही खरीच असते. तिच्यासाठी कर्जात मात्र बुडू नये. अंथरूण पाहूनच पाय पसरावेत.

प्रथम नियम पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ व साधारणतः ६ वर्षे मिळतात. स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा. एम.एस्सी.ला ५५ टक्के गुण हवेत. राखीव गटांना ५ टक्के सूट आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत पत्र लागते. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन पीएच.डी. चालत नाही. "घरबसल्या डॉक्टर व्हा" म्हणणाऱ्या एजंटाला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

आता ठिकाण. १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुंबईचे एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ आहे. आपल्या ऊसपट्ट्यात लोणी व कराड येथे अभिमत विद्यापीठे आहेत. लोणी तर प्रवरेच्या सहकारी कारखान्याच्या शेजारचेच गाव. सरकारी विद्यापीठाची फी सहसा कमी, अभिमतची जास्त. पण नुसती फी पाहून निवड करू नका. वर्षाची फी गुणिले वर्षे, मार्गदर्शकाकडे जाण्या-येण्याचे भाडे, माहिती गोळा करण्याचा व आकडेमोडीचा खर्च, छपाई, हे सगळे एका कागदावर मांडा. लांबच्या स्वस्त विद्यापीठापेक्षा जवळचे महागही कधी परवडते. पूर्णवेळ केले तर बुडणारा पगारही त्याच कागदावर धरा.

पूर्णवेळ संशोधन करणाऱ्यांसाठी सारथी, महाज्योती व बार्टी या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. जाहिरात आणि अटी नीट वाचून मुदतीत अर्ज करावा.

सगळ्यात अवघड म्हणजे मार्गदर्शक. नियमाने प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ व सहायक प्राध्यापकाला ४ च विद्यार्थी घेता येतात. म्हणून फी भरण्याआधी मार्गदर्शकाला भेटावे, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली ते विचारावे. बेणे न पाहता लागण करणारा शेतकरी आपल्यात कोणी आहे काय?

विषय जवळचा घेतला तर खर्चही वाचतो आणि मनही लागते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. आपल्याच फडात येणाऱ्या या मायबहिणी गरोदरपणात किती ओझे उचलतात, पाळीच्या दिवसांत त्यांना पाणी-आडोसा मिळतो का, याचा नीट अभ्यास आपल्या घरातली नर्स करील तर तिची भाषा त्यांना कळेल, त्यांचे दुःख हिला. त्या पदवीचा उपयोग मग आपल्या कारखान्याच्या तळावरच होईल.

तेव्हा घरात हा विषय निघाला तर पगारवाढीचा सवाल जरूर विचारा, पण तो शेवटचा ठेवा. आधी विचारा, "बाई, तुला शोधायचंय काय?" उत्तर पक्के असेल तर आडसाली उसासारखी कळ काढा. बिलाच्या हप्त्यातून थोडे बाजूला टाका, आणि अभ्यासाच्या वेळी तिच्या वाटणीची चूल दुसऱ्या कोणी तरी पेटवा. ही मदत बिनपैशाची आहे, पण तीच सगळ्यात मोठी.