रूज ए ऑर (लावाल विद्यापीठ फुटबॉल संघ)

रूज ए ऑर हा कॅनडातील क्वेबेक शहरामधील लावाल विद्यापीठाचा कॅनेडियन फुटबॉल संघ आहे. या फ्रेंच नावाचा अर्थ 'लाल आणि सोनेरी' असा असून हे विद्यापीठाचे रंग आहेत. कॅनडातील आंतरविद्यापीठीय फुटबॉलचे सर्वोच्च विजेतेपद म्हणजे व्हानिये चषक. हा चषक १९६५ पासून दिला जातो. लावालचा संघ १९९६ मध्ये प्रथम मैदानात उतरला, तरीही २०२४ पर्यंत त्याने हा चषक १२ वेळा जिंकला होता. त्याच्या खालोखाल वेस्टर्न विद्यापीठाची ८ विजेतेपदे आहेत.

पार्श्वभूमी

कॅनेडियन फुटबॉल हा अमेरिकन फुटबॉलचा जवळचा नातलग आहे. भारतात फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाशी त्याचे साम्य नावापुरतेच. प्रत्येक बाजूस १२ खेळाडू असतात आणि चेंडू दहा यार्ड पुढे नेण्यासाठी तीनच संधी मिळतात. क्वेबेक प्रांतात या खेळाची विद्यापीठीय परंपरा प्रामुख्याने मॅकगिल, बिशप्स, कॉन्कॉर्डिया अशा इंग्रजी माध्यमाच्या संस्थांनी जोपासली. फ्रेंच भाषकांचा जीव हॉकीवर. मात्र १९९५ मध्ये क्वेबेक शहराचा व्यावसायिक हॉकी संघ 'नॉर्डिक्स' अमेरिकेत हलवण्यात आला आणि त्याच वर्षी लावालच्या फुटबॉल संघाची स्थापना झाली. शहराने नव्या संघाला इतक्या आपुलकीने जवळ केले, त्यात या योगायोगाचा वाटा असावा.

वाटचाल

संघाचा आर्थिक भार केवळ विद्यापीठावर न टाकता स्थानिक उद्योजकांच्या साहाय्याने चालणाऱ्या ना-नफा संस्थेकडे सोपवण्यात आला. फर्निचर व्यावसायिक जाक तांगे हे तिचे प्रमुख आधारस्तंभ होते. या व्यवस्थेमुळे स्पर्धा विषम होते, असा आक्षेप प्रतिस्पर्धी विद्यापीठांकडून घेतला गेला. तो अगदीच निराधार नाही. परंतु दहा हजारांहून अधिक प्रेक्षक महाविद्यालयीन सामन्याला येतात, हे केवळ पैशाने साधत नाही.

१९९९ मध्ये प्रशिक्षक जाक शापदलेन यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने सेंट मेरीज विद्यापीठाचा १४–१० असा पराभव करून पहिला चषक मिळवला. २००१ पासून ग्लेन कॉन्स्टँटिन मुख्य प्रशिक्षक झाले. पुढील अकराही विजेतेपदे त्यांच्याच कारकिर्दीतील आहेत. २००४ च्या अंतिम सामन्यात सस्कॅचेवान विद्यापीठावर ७–१ असा विजय मिळाला. पराभूत संघाचा तो एकमेव गुण कॅनेडियन नियमांचे वैशिष्ट्य दाखवतो: लाथेने मारलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या एंड झोनमध्ये गेला आणि तेथून बाहेर काढता आला नाही, तर एक गुण मिळतो. गमतीचा भाग असा, की या गुणालाही 'रूज' असेच म्हणतात.

२०११ चा अंतिम सामना दोनदा जादा वेळ खेळूनही लावालने मॅकमास्टरविरुद्ध ३८–४१ असा गमावला. पुढच्याच वर्षी टोरांटो येथे ३७,०९८ प्रेक्षकांसमोर लावालने त्याच संघाला ३७–१४ असे हरवले आणि मॅकमास्टरची सलग २१ विजयांची मालिका संपुष्टात आणली.

माँट्रियाल विद्यापीठाशी स्पर्धा

माँट्रियाल विद्यापीठाच्या 'काराबँ' या फ्रेंच भाषक संघाने २००२ मध्ये पदार्पण केले. क्वेबेक प्रांताचा डन्समोर चषक लावालने २००३ ते २०१३ अशी सलग अकरा वर्षे राखला होता. २०१४ मध्ये काराबँने लावालच्याच मैदानावर जादा वेळेत १२–९ असा विजय मिळवून ही मक्तेदारी मोडली आणि त्या वर्षीचा व्हानिये चषकही पटकावला. फ्रेंच विद्यापीठांना मागे बसवणारा हा खेळ आता दोन फ्रेंच विद्यापीठांच्या चुरशीने ओळखला जाऊ लागला. लावालने त्यानंतर २०१६, २०१८, २०२२ आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०२४ च्या अंतिम सामन्यात त्यांनी विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठाचा २२–१७ असा पराभव केला.

उल्लेखनीय खेळाडू

क्वार्टरबॅक बेन्वा ग्रू यांना २००८ मध्ये देशातील सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूचा हेक क्रायटन पुरस्कार मिळाला. बचावपटू मातियू बेट्स पुढे ब्रिटिश कोलंबिया लायन्स या व्यावसायिक संघाकडून खेळले आणि २०२३ मध्ये कॅनेडियन फुटबॉल लीगचे सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरले.